हार्लन रोडच्या अलीकडची शाळा

सोमवारची सकाळ होती. अर्नेस्टीन टॉलिव्हरने मक्याच्या कण्यांची लापशी गॅसवरून उतरवली, वर लोण्याचा गोळा सोडला आणि खिडकीबाहेर पाहिलं. मेपलच्या झाडाखाली ती करडी गाडी आजही उभी होती. आत टोपीवाला माणूस. गेल्या आठवड्यात थंडीत त्याची कीव येऊन तिने त्याला कॉफी नेऊन दिली होती. "पाणीखात्याचं काम आहे, बाई," असं म्हणून त्याने ती शेवटच्या घोटापर्यंत संपवली होती.

तेवढ्यात व्हर्लीन लेकीला घेऊन आली. अर्नेस्टीनची ही एकुलती एक मुलगी शहरातल्या वृद्धाश्रमात रात्रपाळी करायची. त्यामुळे सात वर्षांची ओडेसा आठवडाभर आजीकडे राही आणि इथल्याच शाळेत जाई. शनिवार-रविवार मात्र ती हार्लन रोडपलीकडे, आईच्या खोलीवर. मध्ये रस्ता एकच. अलीकडे लिंडेन ग्रोव्ह हे छोटंसं गाव. नीट कापलेली हिरवळ, दोनच शाळांचं इवलंसं शाळामंडळ, शाळेत वाचनालय, चित्रकलेच्या बाई, नर्स. पलीकडे शहराची हद्द. तिथल्या शाळांबद्दल अलीकडचे लोक बोलत, पण गाडीच्या काचा वर करून.

"आजी, केस!" ओडेसा तिच्या गुडघ्यांत येऊन बसली.

"हलू नकोस गं, भांग वाकडा जाईल."

"जाऊ दे. आमच्या मिस पेलेग्रिनींचापण वाकडाच असतो."

तिघी खळखळून हसल्या. व्हर्लीनने उभ्या उभ्या दोन घास लापशी खाल्ली, लेकीचा मुका घेतला आणि रात्रपाळीआधी झोप काढायला निघून गेली.

दुपारी शाळेतून फोन आला. अर्नेस्टीन धावतपळत पोचली तेव्हा ओडेसा कार्यालयातल्या बाकावर बसली होती. कोट अंगात, दप्तर मांडीवर. वाचनाचा तास चालू असताना तिला उठवून आणलं होतं.

"मुलगी हद्दीबाहेर राहते. आई जिथली, मुलगी तिथली; आणि इथे फक्त हद्दीतली मुलं," मुख्याध्यापक म्हणाले. त्यांनी करड्या गाडीतून काढलेले फोटो टेबलावर मांडले. व्हर्लीनचा दरवाजा, व्हर्लीनची गाडी, ओडेसाच्या वेण्या. "मंडळाला माहिती मिळाली होती. आम्ही खात्री करून घेतली."

"तो पाणीखात्याचा माणूस?"

मुख्याध्यापकांनी फोटो गोळा केले. "आणि मुलीने स्वतःच सांगितलंय. विचारा तिला."

अर्नेस्टीन नातीजवळ वाकली. "काय विचारलं गं यांनी?"

"माझा दातांचा ब्रश कुठे असतो ते." ओडेसाचा आवाज अगदी बारीक झाला होता. "मी म्हटलं, दोन्हीकडे. चुकलं का माझं?"

अर्नेस्टीनने तिला उचलून घेतलं. उचलण्याइतकी ती लहान राहिली नव्हती, तरीही घेतलं. दारात मिस पेलेग्रिनी उभ्या होत्या. त्यांनी ओडेसाचं अर्धवट वाचलेलं पुस्तक पुढे केलं, मग ते वाचनालयाचं आहे हे लक्षात येऊन हात मागे घेतला.

माहिती कोणी दिली ते फार शोधावं लागलं नाही. संध्याकाळी शेजारची बार्ब कुंपणाशी आली. तीस वर्षांची शेजारीण. अर्नेस्टीनचा नवरा वारला तेव्हा आठवडाभर हिनेच जेवण पाठवलं होतं.

"हे बघ, मनाला लावून घेऊ नकोस. मी तुझं नाव घेतलं नाही. मंडळाच्या तक्रारीच्या फोनवर एवढंच सांगितलं, की सोमवारी सकाळी एक गाडी येते."

"माझ्याच दारात येते ना ती गाडी?"

"अगं, वर्ग भरलेत. सगळेच असे पलीकडून यायला लागले तर आपल्या मुलांनी जायचं कुठे?"

"आपल्या म्हणजे?"

बार्ब घराकडे वळली. तिचा स्वतःचा नातू दोन गावं सोडून राहत होता आणि तिच्या पत्त्यावर याच शाळेत शिकत होता. रोज सकाळी त्याची निळी गाडी यायची. सगळी गल्ली तिला हात करायची. तिच्यामागे कुठलीही करडी गाडी लागली नव्हती. तो मुलगा गोरा होता आणि ओडेसा काळी, एवढंच.

व्हर्लीनला हे कळलं तेव्हा ती संतापून आईकडे आली. "आई, कर तूही फोन! आत्ताच्या आत्ता!"

"नाही करणार."

"का? तुला तिची दया येते?"

"तिची कसली डोंबलाची! उद्या तो पोरगाही त्या बाकावर कोट घालून बसेल. तो काय सांगेल, त्याचा ब्रश कुठे आहे म्हणून?"

मंडळाची सभा शाळेच्या जेवणघरात भरली. अध्यक्ष डेनिंग मृदू बोलणारे गृहस्थ. "आम्ही काही निर्दय नाही," ते म्हणाले. "एक वाट आहे. व्हर्लीनबाईंनी कोर्टात मुलीवरचा हक्क सोडावा आणि आजीने पालकत्व घ्यावं. मग मुलगी इथलीच."

व्हर्लीन लगेच उठली. इथून थेट रात्रपाळीला जायचं होतं, अंगावर वृद्धाश्रमाचा गणवेश होता. "देते सोडून. कुठे सही करायची ते सांगा."

"खाली बस," अर्नेस्टीन म्हणाली.

"आई, तिच्या शाळेचा प्रश्न आहे!"

"माहीत आहे मला." ती डेनिंगकडे वळली. "मी नाही घेणार पालकत्व. हिची आई जिवंत आहे. रात्रभर परक्या म्हाताऱ्यांची अंगं पुसते, सकाळी लेकीचा मुका घेऊन झोपते. पोरीला गोष्टीचं पुस्तक मिळावं म्हणून तिने आईपण लिहून द्यायचं? तुमच्यापैकी कोणाला असं विचारलंय कधी कोणी?"

"बाई, नियम—"

"हा नियम तुम्हीच केलात ना?"

डेनिंगनी ठराव मांडला. मतदान झालं. ओडेसाचं नाव एकमताने कमी झालं.

ती आता पलीकडच्या शाळेत जाते. तिथल्या बाई जीव तोडून शिकवतात, पण वर्गात मुलं मावत नाहीत आणि वाचनालयाच्या खोलीत मोडकी बाकं रचून ठेवलेली आहेत. व्हर्लीन कितीतरी दिवस आईशी बोलली नाही. "तुझ्या ताठ्याची किंमत माझ्या पोरीने भरली," एवढं एकदाच म्हणाली. अर्नेस्टीनने ते ऐकून घेतलं. लेक सर्वस्वी चुकीचं बोलत नव्हती, हेच तिला रात्रंदिवस सलत होतं.

पुढच्या महिन्याच्या सभेत रहिवाशांना बोलण्याची वेळ आली. प्रत्येकाला तीन मिनिटं. अर्नेस्टीन उठून ध्वनिक्षेपकापाशी गेली.

"टॉलिव्हरबाई, तो विषय संपलाय," डेनिंग हळुवारपणे म्हणाले.

"तुमचा संपला असेल. मी या गावची रहिवासी आहे. माझ्याबद्दल शंका असेल तर पाठवा गाडी, कॉफी देईन." कोणी हसलं नाही. "माझ्या नातीचं नाव ओडेसा. या महिन्यात तिने एकही नवं पुस्तक वाचलं नाही, कारण तिथे पुस्तकं नाहीत. पुढच्या महिन्यात मी पुन्हा येईन आणि तेव्हा तिने काय वाचलं ते सांगेन. त्याच्या पुढच्या महिन्यातही येईन. ती रस्ता ओलांडून परत या शाळेत येईपर्यंत, नाहीतर मी मरेपर्यंत."

ती जागेवर जाऊन बसली. डेनिंगनी सभेकडे पाहिलं. "आणखी कोणाला बोलायचंय?"

तिसऱ्या रांगेत बार्ब होती. मागे भिंतीपाशी मिस पेलेग्रिनी होत्या. जेवणघर आयाबापांनी भरलेलं होतं. रोज आपल्या मुलांना शाळेच्या दारात सोडताना 'सगळ्यांशी नीट वाग हं' असं सांगणारी चांगली, सभ्य माणसं.

कोणीही उठलं नाही.