तिसऱ्या दिवसाची पट्टी

२०१९ साल. अंजूरला आमच्या घरी तेव्हाही लोक हाड बसवून घ्यायला येत. बांबूच्या कामट्या, वर घट्ट पट्टी, आणि वडिलांपासूनचा एकच नियम: तिसऱ्या दिवसाआधी पट्टी सोडायची नाही. वडिलांमागे हे काम माझा थोरला भाऊ चांगदेव करी.

त्या मार्चमध्ये माझी नात करिष्मा गोडाऊनवरून येताना स्कूटीवरून पडली. डावा हात कोपराखाली मोडला. दादाने संध्याकाळी बांधला. सकाळी पोरीचा चेहरा पांढराफटक.

"आजी, सोड गं. हात फुटेल माझा."

दादाने तिच्या मनगटावर दोन बोटं ठेवली. "नाडी चालू हाय. काय न्हाय होत. मोबाईल घासून नाजूक झाल्या पोरी."

"मग तुमचा हात द्या आजोबा, मी बांधते!"

मी तिची बोटं जरा सरळ करायला गेले, तशी ती किंचाळली. तशीच किंकाळी मी अकरा वर्षांची असताना ऐकली होती. खाडीवरचा कोळी लडकू, वडिलांनी त्याचा मोडका हात बांधला तेव्हा, असाच ओरडायचा. वडीलही म्हणाले होते, नाडी चालू हाय. तिसऱ्या दिवशी तो गप्प झाला. आम्हाला वाटलं, बरा झाला. त्याची बोटं जन्मभर आत वळलेली राहिली. जाळं पुन्हा विणता आलं नाही. घरात त्याचं नाव कोणी काढत नसे.

मी कात्री घेतली. दादाने माझा हात धरला.

"कमळ, बापाची पट्टी हाय ती. कापलीस तर या दारात कोण न्हाय येणार."

"न येवो. लडकू आठवतो का?"

त्याने हात सोडला.

पट्टी कापली तरी कळ थांबेना. रिक्षाने भिवंडीचा दवाखाना गाठला, दादाही सोबत आला. डॉक्टर आसावरींनी तिची बोटं ताणून पाहिली आणि ऑपरेशनची तयारी करायला सांगितली.

"आजी, मटण साफ करता ना? त्यावर पांढरा, चिवट पापुद्रा असतो. तसाच आपल्या स्नायूंभोवतीही असतो, फॅशिया. तो ताणला जात नाही. आत सूज वाढली की रक्ताला वाट उरत नाही. नाडी लागते, पण आत मांस मरत असतं. तो आत्ताच चिरायला हवा."

"उशीर झाला असेल तर?"

त्यांनी सहीचा कागद पुढे केला.

दोन तास दादा भिंतीकडे तोंड करून उभा होता. मग डॉक्टर बाहेर आल्या. "स्नायू लाल आहेत. हात वाचला."

जखम काही दिवस उघडीच ठेवली. मग मांडीची कातडी लावून बंद केली. करिष्मा आता पडघ्याच्या गोडाऊनात सुपरवायझर आहे, स्कूटीनेच जाते. दादाने पुन्हा कोणाला बांधलं नाही. कोणी आलंच तर स्वतः रिक्षात बसवून दवाखान्यात नेई. २०२२ मध्ये तो गेला. लडकू त्याआधीच गेला होता.

करिष्माची दोन बोटं अजून पुरती सरळ होत नाहीत. पट्टी कापली त्या दिवशी ती पहाटेपासूनच कण्हत होती. 'तिसऱ्या दिवसापर्यंत कळ काढ' असं तेव्हा तिला मीच सांगितलं होतं.