उलटं चाक

"पाय आवर," मी ताईच्या कानाशी लागून म्हणाले.

ती दचकली. कालव्याच्या बांधावर आम्ही बायका ओळीनं पेज प्यायला बसलो होतो. पेज कसली, कोमट पाणी आणि तळाशी भाताची चार शितं. ताईची पावलं मात्र मातीवर वरखाली होत होती, टाच-चवडा, टाच-चवडा, समोरच्या झावळ्यांच्या छपरातून येणाऱ्या मशीनच्या आवाजाबरोबर.

"मी कुठं हलवतेय?"

"मग काय धरणीकंप होतोय? थांबव म्हणते ना!"

तिनं एक पाऊल दुसऱ्यावर दाबून धरलं. थोड्या वेळानं ओठ न हलवता म्हणाली, "कोरडी चालतेय गं, रीम. तेलाचा थेंब नाही तिच्यात. ही सोखोम मशीनचा जीव घेणार."

"घेऊ दे. आपला नको जायला."

माझी थावीताई बत्तंबांग शहराच्या बाजारातली शिंपीण. आज हे मी सहज बोलून जाते, पण त्या दिवसांत तोंडातून निसटलं असतं तर आम्हा दोघींना जंगलाकडे नेलं असतं, आणि जंगलाकडे नेलेलं माणूस परत येत नसे. शिंपीण म्हणजे शहरातली. त्यात तिचा नवरा जुन्या सरकारच्या फौजेत, आणि ही बसून शिवायची काय, तर शिपायांचे गणवेश. काळ्या कपड्यांची माणसं शहरात शिरली, त्यांनी घरंच्या घरं रिकामी करून सगळ्यांना शेतांत हाकललं, आणि भावजींना पहिल्याच आठवड्यात घेऊन गेले. तेव्हा वाटेनं चालता चालताच आम्ही ठरवून टाकलं. आम्ही खेड्यातल्या, ताडगूळ विकणाऱ्या. अक्षर ओळखत नाही, शिलाई मशीन कधी पाहिलेली नाही.

माझं निभणं सोपं होतं, कारण मला खरंच काही येत नव्हतं. ताईनं मला शिकवायचे किती प्रयत्न केले! पायडलवर पाय ठेवला की चाक कधी सरळ फिरायचं, कधी उलटं, माझं मलाच कळायचं नाही. उलटं फिरलं की दोरा ताडकन तुटायचा. "पाय आहेत का बदकाचे पंजे?" असं ताई भर बाजारात ओरडायची, आणि मी फणकाऱ्यानं निघून जायचे.

छपरातली मशीन बैलगाडीतून आली होती, शहरातल्या कुणाच्या तरी घरातून उचललेली. फ्रेंचांच्या वेळची, काळी, अंगावरची सोनेरी वेलबुट्टी निम्मी पुसलेली. आमच्या टोळीची मुख्य होती येउन नावाची मुलगी. डोंगराकडची, विशीचीसुद्धा नसेल, पण तिच्या बोटाच्या इशाऱ्यावर माणसं गायब व्हायची. तिला आम्ही 'मित येउन' म्हणायचं. मित म्हणजे मित्र. कसला मित्र आणि कसलं काय!

"शिवता कुणाला येतं?" मशीन उतरवली तेव्हा तिनं विचारलं होतं. "सावलीत बसायचं काम आहे. पेज नाही, भात मिळेल."

भात म्हटल्यावर सगळ्यांच्या घशातून आवंढा उतरलेला ऐकू आला. हात मात्र कुणाचा वर गेला नाही. मी ताईचं मनगट मागून पकडून ठेवलं होतं. मग सोखोम म्हणून एक हडकुळी बाई होती, तिनं हात वर केला. भुकेनं केला, दुसरं काय!

पावसाळाभर ती काळे सदरे आणि काळ्या विजारी शिवत होती. एका सकाळी आम्ही कुदळी घेऊन निघालो, तर छपरातून आवाज नाही. "अभ्यासाला पाठवलंय तिला," येउन म्हणाली. दुपारी पेज वाढली तेव्हा सोखोमचा चमचा दुसऱ्याच बाईच्या हातात होता. तिथं आमचं स्वतःचं म्हणायला एक चमचाच असायचा, तो कुणी कुणाला देत नसे. सगळ्यांनी तो पाहिला आणि सगळ्यांनी माना खाली घातल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांत येउनच्या कानावर कुणीतरी घातलं की तुझ्या टोळीत आणखी एक शिंपीण लपून बसलीय. कुणी घातलं ते मला आजतागायत कळलेलं नाही. तिनं आम्हा सगळ्यांना छपराखाली उभं केलं.

"एकेकीनं बसायचं," ती म्हणाली. "दोन-तीनदा पाय चालवायचे. बघू द्या मला."

स्टुलावर बसणारीच्या तोंडाकडे ती बघतच नव्हती. वाकून पायांकडे बघत होती. माझा नंबर ताईच्या आधी लागला. पहिल्यांदा चाक उलटं गेलं, दोरा तुटला. मग सरळ गेलं, दोन टाके पडले, परत उलटं, परत तुटला. येउन खिदळली आणि तिनं मला हातानंच हाकललं. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या बदकाच्या पंजांचं कौतुक वाटलं.

मग मी ताईकडे पाहिलं. ती घाबरलेली दिसत नव्हती, हीच पंचाईत होती. घरातल्या आजारी माणसाकडे बघावं तशी ती त्या मशीनकडे बघत होती.

"तू. ताडगूळवाली."

ताई बसली. शिंपीण मशीनवर बसली की काय काय करते ते मला तोंडपाठ होतं. आधी पंच्यानं मशीन पुसते, मग कापड दाबणारी पट्टी खाली सोडते, मग उजव्या हातानं वरचं चाक आपल्याकडे जरासं ओढून देते, आणि मग पाय लागतात. हे काही ठरवून होत नाही, हात आपसूक जातो. ताईचा उजवा हात मांडीवरून उचलला गेला. मी पाहिला. अर्ध्या वाटेपर्यंत गेला, आणि तिथून वळून तिनं तो आपल्याच गालावर मारला.

"मेले डास," ती म्हणाली.

मग तिनं पाय दाबले. चाक उलटं, दोरा तुटला. येउननं दोरा ओवायला लावला. परत उलटं, परत तुटला. तिसऱ्यांदाही तेच.

येउन हसली नाही. ती ताईच्या आणखी जवळ आली.

"बाकीच्यांचं एकदा तरी सरळ फिरलं," ती म्हणाली. "तुझंच दर खेपेला उलटं कसं गं?"

देवा! हे आमच्या दोघींच्या डोक्यातच आलं नव्हतं. ज्याला येत नाही त्याचं कसंही फिरतं. दर वेळी नेमकं उलटं फिरवायला ते यावंच लागतं.

"डोक्यानं मठ्ठ आहे ती, मित, पहिल्यापासून," मी मागून बोलले. मला कुणी विचारलं नव्हतं. येउननं मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"हात पुढं कर," ती ताईला म्हणाली. "कापड धर. चाक मी ओढून देते, तू नुसते पाय चालव."

तिनं चाक ओढलं. सरळ. आता ताईच्या पायांनी ताल पकडला की संपलं, हे मला समजलं आणि ताईलाही समजलं. ते पाय कालव्याच्या बांधावर झोपेतल्यासारखे हलायचे, पायडल मिळाल्यावर ते थोडेच थांबणार? दोन टाके पडले. तिसरा पडला. मी डोळे मिटणार, तेवढ्यात ताईनं डाव्या हाताचं बोट सरकवून सुईखाली दिलं.

सुई नखातून आरपार गेली. ताई "आई गंऽऽ" करून अशी किंचाळली की बाहेरचे बैल उठून उभे राहिले. येउनही दचकून मागं झाली. मग ती हसायला लागली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

"ऊठ, ऊठ, बये! तू आपली ताडगूळच विक."

मी ताईचं बोट पंच्यात गुंडाळलं आणि तिला बांधाकडे नेलं. मला वाटलं ती रडेल. ती माझ्या कानात म्हणाली, "सुई बोथट झालीय तिची. कधीचीच बदलायला हवी होती."

"मर मेली," मी म्हटलं, आणि मीच रडले.

काळ्या कपड्यांचं ते राज्य पडलं त्या दिवशी सगळे धान्याच्या कोठाराकडे धावले. मीही धावले. ताई छपराकडे गेली. मी अर्धं पोतं भात ओढत आले, तर ही मशीन पाठीवर बांधून उभी.

"भात सोडून लोखंड आणलंस? खाणार काय आहेस, सुया?"

"तू आण भात," ती म्हणाली, आणि चालायला लागली.

बत्तंबांगला पोचल्यावर तिनं मशीनचा तुकडा न् तुकडा सुटा करून रॉकेलमध्ये टाकला. खालच्या दोऱ्याचं गंजलेलं शटल तिनं इतके दिवस घासलं की बोटांची सालं गेली. शटलच्या खालून काळ्या कापडाचा भुगा निघाला. तो सोखोमच्या शिवणीतला. ताईनं तो फुंकून टाकला नाही, पानात बांधून विहारात ठेवून आली. खालचा सांगाडा भंगारातून मिळाला, पट्टा आम्ही सायकलच्या ट्यूबचा कापला, आणि दुकान परत सुरू झालं.

एक गोष्ट मात्र सुधारली नाही. अनोळखी माणूस दारात उभं राहून पायांकडे बघायला लागलं की ताईचं चाक उलटं फिरायचं. ताडकन दोरा तुटायचा. गिऱ्हाइकं हसायची, "मावशी, एवढी वर्षं शिवताय आणि अजून शिकताय होय?" ताई हसण्यावारी न्यायची. मी लगबगीनं उठून गिऱ्हाईक आणि मशीन यांच्या मधे उभी राहायचे आणि पावसापाण्याच्या गप्पा मारायचे. माझी पाठ आडवी आली की मशीन सरळ चालायची. अशीच आम्ही दोघींनी म्हातारपणापर्यंत गाडी ढकलली.

गेल्या वर्षी शाळा उघडायच्या दिवसांत, दुकानात पांढऱ्या शर्टांचा आणि निळ्या स्कर्टांचा ढीग पडलेला असताना, दारात एक बाई आली. केस पांढरे, हातात छत्री, काखेत नातीचा स्कर्ट.

"लांबी कमी करायचीय," ती म्हणाली. "मी उभी राहते. बघू द्या मला."

आवाज ऐकला आणि मी ओळखलं. येउन. ती जराशी वाकून ताईच्या पायांकडे बघत होती. तशीच. एवढी वर्षं लोटली, आता ती कुणाचं काय करणार होती? पण हे डोक्याला कळून काय उपयोग! मी सवयीनं उठले आणि मधे उभी राहिले.

ताईनं तिच्याकडे पाहिलं, स्कर्ट हातात घेतला.

"सरक, रीम," ती म्हणाली. "उजेड अडतोय."

मी सरकले. ताईनं पंच्यानं मशीन पुसली. पट्टी खाली सोडली. उजवा हात उचलला, आणि सावकाश, अगदी दिसेल असं, चाक आपल्याकडे ओढलं. पाय लागले. स्कर्टाचा सगळा घेर तिनं एका दमात फिरवला, दोरा तुटला नाही. येउन पाय बघत होती. मग तिची नजर वर आली आणि ताईच्या बोटावर थांबली, तिथं नख अजून मधोमध चिरलेलंच वाढतं.

"तुला येत होतं," ती म्हणाली.

"येत होतं."

येउननं छत्री या हातातून त्या हातात घेतली. "मला एक सदरा शिवून हवा होता गं. बाही घट्ट व्हायची मला. तेवढ्यासाठीच शोधत होते मी. सांगितलं असतंस तर काही झालं नसतं."

"हो का?" मी भडकले. माझा आवाज चिरकला, पण निघाला. "सोखोमनं सांगितलं होतं ना? तिचं काय झालं मग? बोल की!"

ताईनं दोरा दातांनी तोडला, स्कर्टाची घडी घातली आणि तिच्या हातात दिली. येउन रस्ता ओलांडून गर्दीत शिरली. तिची छत्री दिसेनाशी होईपर्यंत मी दारात उभी होते.

मागं मशीन चालूच होती. मी वळून पाहिलं, तर सुईखाली कापड नव्हतं. बिनकापडाची मशीन चालवली म्हणून ताईनं मला किती वेळा फैलावर घेतलं असेल! आणि आता ती स्वतःच समोरच्या भिंतीकडे बघत बसली होती, आणि पाय चालले होते, टाच-चवडा, टाच-चवडा.

"पाय आवर, ताई," मी म्हणाले.

"आवरत नाहीत गं."

माझे गुडघे आता वाकत नाहीत. तरी मी कशीबशी खाली बसले, मशीनच्या खाली हात घातले आणि चाक थांबेपर्यंत तिची पावलं धरून ठेवली.