सूट कोणी मागितली

साहेबांच्या पेन्सिलीचं टोक सातव्या ओळीपाशी थांबलं, शेजारच्या कोऱ्या समासात सरकलं आणि तिथे दोनदा टेकलं. कायद्याच्या मसुद्यातल्या प्रत्येक ओळीशेजारी ती कोणाच्या मागणीवरून आली त्याचं नाव लिहायचं, ही या कचेरीची जुनी शिस्त — पोलीस, वकिलांची संघटना, अमकी समिती, तमकी समिती... अठरा वर्षांच्या नोकरीत तिने एकही समास कोरा सोडला नव्हता.

“ही सूट कोणी मागितली, बाई?” साहेबांनी विचारलं.

चोरून ऐकण्याच्या गुन्ह्याचा कायदा, आणि त्यातल्या व्याख्या लिहिणं तिच्याकडे. ‘खासगी संभाषण’ म्हणजे तिसरं कोणी ऐकत नाही अशा रास्त भरवशाने केलेलं बोलणं. ‘ऐकणे’ यात उपकरणाने ऐकणंही आलं. ‘संमती’ म्हणजे बोलणाऱ्यांपैकी निदान एकाची. सगळं कसं घासूनपुसून लख्ख! आणि खाली, काल तिनेच घाईघाईने घुसडलेली ती ओळ — आजारी माणसाची काळजी घेणाऱ्याने सद्हेतूने ऐकल्यास तो गुन्हा नव्हे.

“रुग्णालयांनी... मागितली असेल.”

“असेल म्हणजे? पत्र कुठंय? आणि सद्हेतू काय, कोणाकडे नसतो? भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. उद्या प्रत्येक सासू सुनेची काळजी घ्यायला लागेल!”

साहेब हसले. तीही हसली, जरा उशिरानेच. चोराच्या मनात चांदणं... पण मी काय चोर आहे? तिचे वडील, अण्णा, न्हाणीघरात पडले तेव्हा स्वयंपाकघरात मिक्सर चालू होता, आणि त्यांच्या हाका तिला ऐकूच आल्या नाहीत — किती हाका मारल्या ते त्यांनी कधीच सांगितलं नाही. दुसऱ्याच दिवशी तिने त्यांच्या कपाटावर ते पांढरं यंत्र ठेवलं, खोलीतला आवाज तिच्या फोनवर पोचवणारं. “डासांसाठी आहे, अण्णा.” “बरं,” म्हणाले. त्यांना डास चावत नव्हते.

पहिले काही दिवस नुसता खोकला, वर्तमानपत्राची सळसळ. ऐकून जिवात जीव यायचा. मग परवा ते जुन्या मित्राशी फोनवर बोलत होते — “पोरगी गुणाची आहे रे. पण तिची पावलं वाजली की मी झोपेचं सोंग घेतो. सारखं आपलं काय होतंय, काय होतंय... जागा असलो की मी पेशंट. झोपलो की निदान माणूस असतो.” तेव्हाच बंद करायला हवं होतं. तिने आवाज वाढवला. माझ्याविषयीच तर बोलत होते, मग मी परकी कशी? पण ज्याच्याविषयी बोललं जातं तो संभाषणात सहभागी नसतो, हे स्पष्टीकरण गेल्याच आठवड्यात तिने स्वतः लिहिलं होतं, आणि साहेबांनी त्याचं कौतुकही केलं होतं.

“मग? काय नाव घालू इथे?” साहेबांनी पुन्हा विचारलं.

“काढून टाका,” ती म्हणाली. पेन्सिल आडवी फिरली. एवढ्याशा रेघेने मोकळं वाटेल असं तिला वाटलं होतं. उलट दिवसभर खुर्ची टोचत राहिली; ती दोनदा पाणी प्यायली, एकच पान तीनदा वाचलं आणि साडेपाचला सगळ्यांच्या आधी उठली.

घरी अण्णांचं दार अर्धवट उघडं होतं. तिची पावलं दारापाशी येताच वर्तमानपत्राची सळसळ थांबली. ती आत गेली तर डोळे मिटलेले, तोंड किंचित उघडं, आणि चष्मा तसाच नाकावर. इतकं वाईट सोंग! तिला हसू आलं, आणि त्याच्या मागोमाग रडू.

“अण्णा, जागे आहात ना?” — प्रश्न अगदी ओठांवर आला. पण नेहमीची ती अलगद चष्मा काढून ठेवायची आणि पाय न वाजवता निघून जायची. हा प्रश्न विचारेल ती फक्त त्यांचं फोनवरचं बोलणं ऐकलेली मुलगी. विचारलं की कबुली झाली. न विचारावं तर हे असंच, रोज... तिने चष्म्याला हात लावला नाही. खुर्ची ओढली आणि बसली. या खोलीत ती कित्येक महिन्यांत बसली नव्हती. यायची ती विचारपूस करून जायला.

अण्णांच्या पापण्या थरथरल्या, पण उघडल्या नाहीत. त्यांच्या मनात काय चाललंय हे तिला मुळीच कळत नव्हतं. तिचा श्वास मात्र मोठा झाला होता, त्याला मधूनच हुंदक्याची कड येत होती आणि तो त्यांना नक्की ऐकू जात असणार. तिने तो दाबला नाही.