बर्फात निघालेली हिरव्या टोपणाची नळी

राम राम मंडळी! मी हिरव्या टोपणाची नळी बोलतेय. उंची बोटभर, पण मोहाडीच्या पुंडलिकरावांचं औषध माझ्यापायी अडलंय.

पुंडलिकराव धानाचे व्यापारी. पोत्यात वर दाणा, खाली कोंडा, असे खेळ त्यांनी उभा जन्म पाहिलेले. परखीची पोकळ सळई पोत्यात टोचून मधलं धान हातावर घेतल्याशिवाय ते भाव बोलत नाहीत.

अंगातलं रक्त सारखं कमी होऊ लागलं, तेव्हा भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी त्यांच्याच कमरेच्या हाडात सुई टोचली. आजार साधा, की रक्त जिथं तयार होतं तिथंच बिघाड? औषध कोणतं? हे पेशींची गुणसूत्रं पाहून ठरणार होतं. हाडातली मज्जा माझ्या पोटात भरली.

"कुरिअरनं नागपूरले नको. कोनाची नळी कोनाच्या नावावर जाईल! मी सोता नेतो," पुंडलिकराव म्हणाले.

नर्सनं बजावलं, "काका, बर्फात नका ठेवू."

बाहेर येताच ते बायकोच्या, रुखमिणीबाईंच्या, कानाशी लागले. "बर्फ काहून नको म्हनते? माल नासला का पुन्हा टोचाले अन् पैसे घ्याले मोकळे!"

"अवो, ते शिकलेली हाये."

"म्हनूनच!"

मासळीवाल्याकडून बर्फ घेतला आणि मला डब्यात गाडलं.

नागपूरच्या लॅबमध्ये तृप्ती मॅडमनी मला हातात घेतलं आणि त्यांचा चेहरा पडला. "काका, या पेशी जिवंत लागतात, बर्फानं त्या मरतात. आम्ही त्या वाढवतो. एकीच्या दोन होताना गुणसूत्रं दिसतात. मेलेलीत काय दिसणार?"

पुंडलिकरावांनी डोळे बारीक केले. रुखमिणीबाईच बोलल्या, "बियाचं धान ओल्या फडक्यात बांधून उगवते का पाहाता ना तुमी? उकडलेलं बांधून काय पाहाल?"

तरी मॅडमनी ज्या जिवंत असतील त्या पेशी वाढायला ठेवल्या.

दहा दिवसांनी दोघं पुन्हा आले. पाहायला वीस पेशी हव्या होत्या, मिळाल्या चार.

"चार ठीक हायेत ना? मंग तसंच लिहून द्या."

"चार दाणे पाहून तुम्ही गाडी उतरवता?" मॅडमनी विचारलं.

पुंडलिकराव खुर्चीत बसले. कमरेवर हात गेला. "म्हंजे पुन्हा सुई?"

"हो काका. आणि तोवर औषध ठरत नाही."

"घ्या," ते हळूच म्हणाले. "या खेपेले नळी भंडाऱ्याहून तुमच्याच मानसाले आनू द्या."

माझं काम आता संपलं. आज-उद्या कचऱ्याच्या पिशवीत जाईन. जाता जाता एवढंच सांगते, मंडळी: संशय जरूर घ्या, जग तसंच आहे. पण 'काहून?' हे बायकोच्या कानात विचारू नका, नर्सला तोंडावर विचारा. तिच्याजवळ उत्तर होतं हो! कोणी विचारलंच नाही.