असावा

“साक्षीदाराचं बोलणं सुधारत बसू नकोस. तो अडखळला, तर ते अडखळणंही कागदावर येऊ दे.”

थोरल्या वकिलांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. त्यांच्या हाताखाली तिने सहा वर्षं फायली वाहिल्या, बोलणी खाल्ली, आणि मग परीक्षा देऊन न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसली. त्याला बावीस वर्षं झाली. तिच्या निकालाला वरच्या कोर्टात सहसा कुणी हात लावला नाही. आता त्याच कोर्टावर तिची नेमणूक व्हायची होती; यादीत नाव लागलं होतं.

अशात एका सकाळी म्हातारा शिंपी दारात आला. नऊ वर्षांपूर्वीच्या एका खुनाचा तो एकुलता एक साक्षीदार. त्याच्या शब्दावर तिने एका हमालाला जन्मठेप दिली होती. परवा हमालाची बहीण साक्षीची नक्कल घेऊन त्याच्या दुकानात आली आणि तिने ती वाचून दाखवली. त्यात होतं, ‘पळालेला माणूस हाच.’

“बाईसाहेब, मी ‘हाच असावा’ म्हणालो होतो,” शिंपी म्हणाला. “मला नुसती पाठ दिसली हो. सही केली तेव्हा चष्मा घरी राहिलेला. माझंही चुकलंच. तिला काही बोललो नाही, आधी तुमच्याकडेच आलो.”

तिला आठवायला वेळ लागला नाही. साक्षीदार बोलायचा, ती वाक्य नीट करून सांगायची, टंकलेखक उतरवून घ्यायचा. त्या दिवशी कामाचा डोंगर होता, जेवायची सुट्टीही टळलेली. ‘असावा’ तिने गाळला तेव्हा टंकलेखकाची बोटं क्षणभर थांबली, त्याने वर पाहिलं, आणि ती म्हणाली होती, “पुढे.”

“मी स्वतः वरच्या कोर्टात जाऊन सांगेन,” तिने शिंप्याला शब्द दिला.

“जरा लवकर बघा,” तो हसून म्हणाला. “आमच्या रिळावर दोरा थोडाच उरलाय.”

तिने प्रतिज्ञापत्र लिहिलं आणि कपाटात ठेवलं. यादी मंजूर होऊ दे, मग बघू, असं मनाशी म्हणत तीन आठवडे गेले. धाकटा भाऊही वकील. तिने त्याला सांगितलं तेव्हा तो उखडलाच.

“ताई, पुतळा व्हायची हौस आलीय का? एकदा तोंड उघडलंस की तुझा प्रत्येक कैदी म्हणेल, बाईंनी माझंही वाक्य कापलं.”

“कापलंही असेल,” ती म्हणाली.

चार दिवसांनी भाऊच निरोप घेऊन आला. शिंपी गेला होता. टंकलेखक तर कधीच वारला होता. आता हे आपल्या दोघांशिवाय कुणालाच ठाऊक नाही, तेव्हा देवाने सोडवलं समज आणि गप्प बस, असं त्याने तिला परोपरीने सांगून पाहिलं.

देवाने सोडवलं, हे शब्द तिला सुईसारखे टोचले. शिंपी जिवंत असता तर कोर्टाने त्यालाही विचारलं असतं. ती साक्ष तिने कपाटात ठेवून मारली होती. उरला तो तिचा एकटीचा शब्द, आणि तिकडे तुरुंगात भेटीच्या जाळीआड बसलेल्या हमालाने आता बहिणीला घरची खुशाली विचारायचंही सोडलं होतं.

सकाळी ती रोजच्यासारखी घटकाभर डोळे मिटून बसली. मग प्रतिज्ञापत्रात स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली: ‘हे कळल्यावरही मी पंचवीस दिवस गप्प राहिले.’ खाली सही केली आणि वरच्या कोर्टात द्यायला तो कागद पिशवीत घातला. ड्रायव्हरला सरकारी गाडी काढू नको म्हणाली, दार हलकेच ओढून घेतलं, आणि कठड्याला धरून पायऱ्या उतरू लागली.