अकरा अक्षरांची पाठवणी

मी एक ओळ बोलतेय. कवितेतली नव्हे हो! संगणकाच्या काळ्या खिडकीत टाइप करून एंटर मारला की कामाला लागणारी, कमांड म्हणतात ती ओळ. इथली फाईल उचलायची, दूरच्या संगणकाला नेऊन द्यायची आणि तिकडचं उत्तर घेऊन परत यायचं, एवढाच माझा संसार.

माझा जन्म फोनवर झाला. एका छोट्या स्कॅन सेंटरमध्ये यंत्र चालवणाऱ्या बाई आहेत, सगळे त्यांना ताई म्हणतात. मोठ्या रुग्णालयाच्या वेबसाइटवर चित्रं चढवायला गेलं की चाक नुसतं गोल गोल फिरत बसायचं. वैतागून ताईंनी धाकट्या भावाला फोन लावला. तो प्रोग्रामर, आणि बोलायला लागला की सुसाट. "थेट पाठवायचा पत्ता आहे ना त्यांचा? मग एक ओळ सांगतो, लिहून घे." ताईंनी मला एका जुन्या पाकिटामागे उतरवलं आणि ते पडद्याच्या कडेला चिकटवलं. अक्षर टपोरं, शाई निळी. मला ते घर फार आवडलं.

तिकडचं उत्तर पडद्यावर सांडू नये म्हणून भावाने मला ते 'उत्तर' नावाच्या फाईलमध्ये ठेवायला शिकवलं होतं. ती फाईल उघडायची असते, हे सांगायचं मात्र तो विसरला.

पहिलीच फाईल सुतारकाकांची होती. सेंटरमधली कपाटं त्यांच्याच हातची. त्यांच्या छातीत गाठ दिसली होती आणि स्कॅनची दोनशे चित्रं बघून त्या मोठ्या रुग्णालयातल्या सर्जनबाई ऑपरेशनची तारीख देणार होत्या. सोमवारी सकाळी ताईंनी एंटर मारला. मी क्षणात जाऊन आले. "गेलं बाई एकदाचं!" म्हणत ताई चहाला उठल्या.

बुधवारी दुपारपर्यंत काहीच निरोप नाही. ताईंनी फोन केला, तर तिकडचा कारकून म्हणाला, "आमच्याकडे चित्रं नाहीत. आणि सर्जन मॅडम आज चारला निघतायत. पंधरा दिवस सुट्टीवर."

"अहो, मी स्वतः पाठवलीत!" ताईंचा पारा चढला. समोरच्या बाकावर बसलेल्या सुतारकाकांनी मान खाली घातली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी काय नेलं होतं ते मला ठाऊक होतं, पण सांगायला तोंड कुठे होतं?

लादी पुसता पुसता मावशी थांबल्या. "ताई, तुम्ही पाठवलं ते खरं. पण तिकडून काय म्हणाले?"

ताईंनी ओळीतलं 'उत्तर' हे नाव पाहिलं आणि ती फाईल शोधून उघडली. 'मिळाले. आकार: अकरा बाइट.' दोनशे चित्रं, आणि जेमतेम अकरा अक्षरांएवढा आकार! त्यांनी भावाला फोन लावला.

"ओळ वाच बघू."

ताई वाचत गेल्या, "...मग बरोबरचं चिन्ह, मग आठ, मग फाईलचं नाव."

"आठ? हा आठ कुठून आला?"

"तूच म्हणालास, नावाआधी आठ लाव!"

"अगं ताई, ॲट म्हणालो मी! ॲट! ई-मेलमध्ये असतो तो शेपटीवाला ए!"

तो शेपटीवाला ए नावाआधी असला, की मी फाईल उघडून आतलं सगळं सोबत घेते. नसला, की नुसतं नाव घेऊन निघते. मी आठाचा आकडा आणि फाईलचं नाव तेवढं पोचवलं होतं, आणि तिकडच्या संगणकानेही ते निमूटपणे ठेवून घेतलं होतं.

ताई हसल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी पाकिटावर आठ खोडून @ लिहिला, ओळ नव्याने टाइप केली, पुन्हा एंटर मारला. या खेपेला ओझं खरं होतं. दहा टक्के, चाळीस, नव्वद. ताई, मावशी, काका तिघंही पडद्याला चिकटून उभे. मी परतले तशी ताईंनी 'उत्तर' मोठ्याने वाचलं, "मिळाले. आकार: नव्वद मेगाबाइट." चारला दहा कमी होते.

सर्जनबाई चारला निघाल्या नाहीत. साडेचारला त्यांचाच फोन आला. "गाठ लहान आहे, पण पंधरा दिवस थांबायला नको. माझे सहकारी परवाच काढतील."

त्या दिवशी ताईंनी मला फाडून फेकलं असतं तरी माझी तक्रार नव्हती. त्यांनी उलट चिकटपट्टी बदलली. त्यांचे उपकार मी विसरणार नाही, आणि मावशींचे तर जन्मात फिटणार नाहीत. आता रुग्णालयाची नवी सोय येतेय म्हणे, मग माझं काम संपेल. संपू दे. तुम्ही मात्र कुणाला काही पाठवलंत, तर तिकडचं उत्तर वाचा. एवढंच मागणं.

आज सुतारकाका ऑपरेशननंतरच्या तपासणीला आले होते. आतून ताईंचा आवाज आला, "श्वास घ्या. रोखून धरा." पूर्वी इथेच त्यांना खोकल्याची उबळ यायची. आज आली नाही. ताई "सोडा" म्हणेपर्यंत काकांनी श्वास धरून ठेवला. मग त्यांची चित्रं घेऊन मी निघाले.