सहा ते आठ

फळीवरच्या स्टीलच्या डब्यात फोन थरथरला आणि झाकण किणकिणायला लागलं.

टिकलीच्या पायाच्या करंगळीचं नख माझ्या नेलकटरमध्ये होतं. दोघीही जागच्या हललो नाही.

"सहा वाजून दहा मिनिटं," टिकली भिंतीकडे बघत म्हणाली. तिला नुकतंच घड्याळ कळायला लागलंय, त्यामुळे ती दिवसभर वेळ सांगत फिरते. "घड्याळआजोबा असणार."

"असू दे."

"मी पण तेच म्हणते. असू दे."

घड्याळआजोबा आमचे कोणी लागत नाहीत. मी डायलिसिस सेंटरमध्ये टेक्निशियन आहे आणि ते चार नंबरच्या खुर्चीवरचे पेशंट. जन्मभर मनगटी घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. गेली चार वर्षं आठवड्यातून तीन सकाळी, सातच्या ठोक्याला हजर. माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला त्यांच्या हातात सुई धड घालता येत नाही असं ते म्हणतात, आणि ते अगदीच खोटं नाही. त्याच भरात कधीतरी मी त्यांना माझा नंबर दिला.

किडनी बंद पडलेल्या माणसाला पाणी मोजून प्यावं लागतं. प्यालेलं बाहेर पडत नाही, अंगात साठतं. आधी पावलांवर, मग छातीत. त्यांना दिवसाला एकच बाटली. संध्याकाळपर्यंत ती तळाला गेलेली असे, घरात दुसरं माणूस नसे, आणि मग सहा-दहाला फोन येई.

"अर्धा पेला घेऊ का गं पोरी?"

"आता नको काका. चूळ भरा. बर्फाचा खडा ठेवा तोंडात."

"बरं."

मिनिटभराचं काम. पण नंबर एकाला दिला की तो सगळ्यांकडे जातो. कुणाचा सुईच्या जागेवरचा कापूस रक्तानं भिजला, कुणाला डायलिसिसची पाळी बदलून हवी, कुणाला नुसतंच बरं वाटत नाही. सगळं मिनिटभराचंच. अशा मिनिटांनी माझी संध्याकाळ उंदरानं कुरतडल्यासारखी करून टाकली होती. एकदा मी फोनवर कुणाला तरी सांगत होते, "दहा मिनिटं दाबून धरा, अजिबात सोडू नका," आणि न्हाणीघरातून टिकली ओरडत होती, डोळ्यांत साबण गेला म्हणून. मी पोचले तेव्हा तिनं स्वतःच चाचपडत तांब्या शोधून डोळे धुतले होते. रडत नव्हती. "झालं माझं," एवढंच म्हणाली. ते 'झालं माझं' मला कित्येक दिवस टोचत राहिलं.

म्हणून मग हा डबा. सहा ते आठ फोन डब्यात, डबा फळीवर आणि टिकली राखणदार. सेंटरवर प्रत्येक खुर्चीपाशी जाऊन सांगितलं: सहा ते आठ मी फोन घेणार नाही, तातडीचं असेल तर सेंटरला करा, तिथं कोणी ना कोणी असतं.

"तहान काय घड्याळ बघून लागते होय?" घड्याळआजोबा म्हणाले होते.

"तुम्ही तरी असं म्हणू नका. घड्याळांवर पोट भरलंत."

ते खूप हसले. आणि त्यानंतर दहा दिवस त्यांनी एकदाही फोन केला नाही.

आज अकरावा दिवस. मधे दोन दिवस डायलिसिस नव्हतं, पाळी उद्या सकाळी. उकाडाही होता. झाकण किणकिणायचं थांबलं तरी माझ्या कानात ते चालूच राहिलं. हात सुजला असेल? रक्त येत असेल? मग सेंटरला करतील ना. सांगितलंय ना आपण. पुढचं नख कापताना टिकली म्हणाली, "आई, बोट."

मी उठलेच. गच्चीवरचे कपडे आणायचे होते. खरं तर त्या डब्यापासून लांब जायचं होतं. वर एकेक कपडा नको तितका नीट घडी करत बसले. खाली आले तेव्हा टिकली फळीखालच्या स्टुलावर हाताची घडी घालून बसली होती, शाळेत फोटोला बसवतात तशी.

"किती वेळ लावलास," ती म्हणाली, पण रागानं नाही.

आठ वाजता तिनं समारंभानं झाकण उघडून फोन माझ्या हातात दिला. सहा-दहाचा फोन कुणी घेतलेला नव्हता. सहा-पंचवीसला आणखी एक होता. पन्नास सेकंद.

"टिकली, हा फोन कुणी घेतला?"

"मी. तुला गच्चीवरून यायला लागू नये म्हणून."

"काय म्हणाले ते?"

"पाणी पिऊ का विचारत होते. मी म्हटलं, प्या की. तहान लागली की प्यायचं, बाटली सगळी संपवायची." ती शाबासकीची वाट बघत होती. शाळेतून बाटली भरलेली परत आली की मी तिला रोज ऐकवते ते वाक्य, शब्दही तेच. "मग ते म्हणाले, नक्की ना? मी म्हटलं, हो, आईच म्हणते."

मी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा तेच. सेंटरला लावला. मोठ्या सिस्टर होत्या.

"अहो, चार वर्षांचा जुना पेशंट आहे तो. आपलं आपल्याला कळत नाही का? त्रास झाला तर इकडे फोन येईलच." मग जरा थांबून, "मुळात स्वतःचा नंबर द्यायचाच कशाला? आणि दिलात तर मग उचलायचा."

दोन्ही वाक्यं बरोबर होती, म्हणूनच जास्त लागली.

सकाळी सातला चार नंबरची खुर्ची रिकामी. सात दहा. सव्वासात. मी दुसऱ्याच पेशंटच्या हाताला टेप लावत दाराकडे बघत होते. "ताई, टेप केसांवर बसतेय," तो म्हणाला.

सात पंचवीसला ते आले, शेजाऱ्याच्या खांद्याचा आधार घेत, दर चार पावलांना थांबत. वजनकाट्यावर उभे राहिले. एरवी दोन-अडीच किलो वाढलेले असतात. आज साडेचार. ओठ निळसर झाले होते. मी सुई घातली, एका प्रयत्नात. मशीन सुरू झालं. ऑक्सिजन लावला.

तासाभरानं त्यांना थोडं बोलता आलं.

"पोरीला रागावली नाहीस ना?"

"काका, तुम्हाला माहीत होतं. ती सहा वर्षांची आहे."

"माहीत होतं की." त्यांनी श्वास घेतला. "चार वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी हो म्हणालं गं. तांब्याभर प्यालो. मग आणखी एक. काय गोड लागलं."

"आणि मी एवढे फोन केले ते?"

"आठनंतर मी घेत नाही," डोळे मिटून ते म्हणाले. "तुझी वेळ तशी माझीपण वेळ."

मला हसू आलं, आणि हसताना त्यांच्याकडे बघणं अवघड झालं म्हणून मशीनचे आकडे वाचत राहिले. दुपारी डॉक्टरांनी त्यांना वरच्या मजल्यावर ठेवून घेतलं. छातीतलं पाणी पुरतं उतरलं नव्हतं. काही दिवस लागतील म्हणाले, पुढचं काही बोलले नाहीत. स्ट्रेचरवर त्यांच्या मनगटावर घड्याळ नव्हतं. पहिल्यांदाच.

संध्याकाळी सहाला मी फोन हातात धरून उभी राहिले. टिकलीनं डबा पुढे केला. मी क्षणभर थांबले, मग ठेवला. तिनं झाकण लावलं, दोन्ही तळव्यांनी दाबलं.

डाव्या पायाची नखं राहिली होती. ती कापायला बसलो. घड्याळात सहा-दहा झाले, काटा पुढे सरकला. डबा गप्प. इतका गप्प की मला तोच ऐकू येत होता.

"आजोबांनी आज केला नाही," टिकली म्हणाली.

"ते दवाखान्यात आहेत. फोन घरी राहिलाय त्यांचा."

"मी सांगितलं म्हणून?"

"नाही." मी नेलकटर खाली ठेवलं. "त्यांना पाणी चालत नाही, बाळा. हे तुला मी सांगायला हवं होतं."

तिनं डब्याकडे पाहिलं.

"मग आई, सहा ते आठमधे त्यांना तहान लागली तर त्यांनी काय करायचं?"